आणि संच

मागच्या हिवाळ्यात आमच्या कँटीनमध्ये एक वाद रंगला. आमच्या वर्गातला एक मित्र गिटार शिकतो. त्याच्या मोबाईलवर रात्रंदिवस इंग्रजी रॉकची गाणी चालू असतात. तो सहज बोलून गेला की, बँड म्हणजे त्याचा मुख्य गायक. बाकीचे काय, आज हे आहेत, उद्या दुसरे येतील. त्यावर समोरच्या मित्राने टेबलावर मूठ आपटली. त्याचे म्हणणे असे की, गायक हा नुसता चेहरा, बँडचा खरा आवाज मागे उभे राहून वाजवणाऱ्यांचा. चहा निवला, तासाची घंटा झाली, तरी दोघे हटेनात. मी शेजारच्याच बाकावर बसले होते. मला कोणी मत विचारले नाही. धानाच्या बांधीतून चिखल तुडवीत कॉलेजात आलेल्या मुलीला रॉकमधले काय कळणार, असे त्यांना वाटले असेल तर त्यात त्यांचा दोष नाही. रॉक म्हणजे काय हे त्या दिवसापर्यंत मलाही नीट ठाऊक नव्हते. परंतु त्यांचा जो प्रश्न होता तो माझ्या घरातला होता. त्या दिवशी द्यायचे राहून गेलेले उत्तर आज या अंकातून देत आहे.

माझे बाबा झिलकरी. खडी गंमतीच्या एका संचात त्यांनी बावीस वर्षे तुणतुणे वाजवले आणि झील धरली. आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या वाचकांना खडी गंमत समजावून सांगायला नको. परंतु बाहेरगावाहून आलेल्या गुरुजनांसाठी दोन शब्द सांगते. दिवाळी झाली, हलके धान कापून झाले, म्हणजे गावोगावी मंडई भरते. भाऊबीजेला आलेल्या लेकी-जावयांनी घरे भरलेली असतात. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक नाही तर गंमत. खडी म्हणजे उभी. शाहीर डफ घेऊन उभा राहतो, त्याच्या बाजूला ढोलकीवाला, आणि मागे तुणतुणे व टाळ हाती घेऊन झील धरणारे दोघे-तिघे. दुय्यम गंमत असली म्हणजे दोन संच समोरासमोर येतात. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच त्याचा जबाब द्यायचा. तांबडे फुटेपर्यंत हे चालते. १९९९ साली जिल्ह्याचे दोन भाग होऊन गोंदिया वेगळा झाला, पण मंडईला जाणाऱ्या माणसांनी ती सीमा काही मानलेली नाही. गंमत तिकडची असो की इकडची, माणसे पोहोचतातच.

आता झील म्हणजे काय ते पाहू. शाहीर ओळ म्हणतो. ओळीचा शेवट त्याच्या तोंडून पुरता सुटण्याच्या आत झिलकरी तो वरच्यावर झेलतात आणि चढ्या स्वरात लांबवतात. ऐकणाऱ्याला वाटते, हे मागून ओरडणे आहे. परंतु तेवढ्या अवधीत शाहीर श्वास घेतो, घसा ओला करतो, पुढचे कडवे आठवतो. दुय्यमात तर समोरच्याचा जबाबही मनात जुळवतो. झील आखूड पडली की शाहीर उघडा पडतो. झील स्वरातून उतरली की शाहीरही नकळत उतरतो, कारण त्याचा कान तिच्यावर असतो. तुणतुण्याला तार एकच, पण सारी रात्र तिने आपला स्वर सोडायचा नसतो. चाल धावती ठेवायची की मुरवायची हे ढोलकी ठरवते. पहाटेच्या दवाने डफ सैल पडला तर जाळावर शेकून तो पुन्हा शाहिराच्या हाती द्यायचा, हेही मागच्यांचेच काम. मी लहान असताना बाबांना विचारले होते, “बाबा, तुम्ही मागे उभं राहून काय करता?” बाबा म्हणाले, “शायराले दम घेऊ द्याचा, हेच आपलं काम.” तेव्हा मला ते काम फार लहान वाटले होते. आठ-नऊ तास उभ्याने गाणाऱ्या माणसाला दम घेऊ देणे म्हणजे निम्मी रात्र आपण गाणे, हा हिशेब मला फार उशिरा कळला.

मला उशिरा कळला, पण आपल्या मराठी भाषेला तो अजूनही कळलेला दिसत नाही. कोणी पुढाऱ्याच्या हो ला हो करू लागला की आपण म्हणतो, तो त्याची झील ओढतो. स्वतःचे मत नसलेला माणूस दुसऱ्याची री ओढतो. बिनकामाचा वेळ घालवणारा टाळ कुटत बसतो. मराठीच्या तासाला वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायला सांगतात, तेव्हा आम्ही हे सारे बिनचूक लिहून गुण मिळवतो. मीही मिळवले आहेत. परंतु ज्याने एकदा तरी झिलकऱ्याच्या शेजारी उभे राहून ऐकले आहे, त्याला हे ठाऊक असते की झील ओढणारा होयबा नसतो. शाहीर भलत्या स्वरात शिरला तर त्याला भर सभेत, कोणालाही कळू न देता, परत जागेवर आणणारा तो असतो. होयबाला हे कसे जमणार?

आता मूळ प्रश्नाकडे येते. संचाचा आवाज नेमका कोणाचा? याचा निकाल लावणाऱ्या दोन रात्री माझ्या चांगल्या आठवणीत आहेत.

एका वर्षी ऐन मंडईत शाहिरांचा घसा बसला. सुपारी घेतलेली, परत करणे शक्य नव्हते. शेजारच्या गावचा दुसरा शाहीर उभा केला. त्याचा आवाज निराळा, गाणीही बरीचशी त्याची. मी आईबरोबर उशिरा निघाले होते. तलावाच्या पारीवरून चालताना अंधारात गाणे ऐकू आले आणि आमच्या पुढे चालणारी एक म्हातारी म्हणाली, “चला वो, आपलीच पार्टी उभी झाली.” शाहीर बदलला आहे हे तिला मांडवात जाऊन बसल्यावर कळले. पाऊण कोसावरून तिने जे ओळखले होते ते मागच्यांना.

दुसरी रात्र दोन वर्षांनंतरची. या वेळी शाहीर आमचेच, गाणी तीच, कपडे तेच. परंतु ढोलकीवाला नागपूरला बांधकामावर मजुरीला गेला होता. त्याच्या जागी तालुक्याहून एक ढोलकीवाला आणला. खरे सांगायचे तर त्याचा हात आमच्या माणसापेक्षा सफाईदार होता. परंतु झील कुठे संपते आणि शाहीर कुठे शब्द उचलतो, तिथे आमचा ढोलकीवाला जो किंचित थांबत असे, ते थांबणे त्याच्याजवळ नव्हते. शाहीर दोनदा अडखळले. मध्यरात्रीच्या सुमारास बायका चादरी झटकून उठू लागल्या. “आज रंगून नाही रायली गंमत,” एवढेच त्या म्हणाल्या. काय कमी आहे ते कोणालाच सांगता आले नाही, पण कमी आहे हे सर्वांना कळले.

कँटीनमधल्या वादानंतर मी त्या गिटारवाल्या मित्राजवळून गाणी मागून घेतली आणि कानाला लावून पंधरा-वीस दिवस ऐकली. शब्द निम्मे कळत नव्हते, त्यामुळे वाद्ये जास्त नीट ऐकू आली. मित्राचा सारा भर ‘क्वीन’ या बँडवर आणि त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावर होता. फ्रेडी मोठा गायक होता यात शंकाच नाही. परंतु त्याची हकिगत वाचताना मला एक मौज आढळली. झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा, खरे नाव फरोख बलसारा, आपल्या महाराष्ट्रात पाचगणीच्या शाळेत शिकला. तिथे १९५८ साली पोरांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात मुख्य गायक दुसराच होता, आणि हा पियानोवर साथीला! जगातल्या सर्वांत गाजलेल्या गायकांपैकी एक, आपल्या सह्याद्रीत असताना, ‘आणि संच’ या शब्दांतच होता. पुढे क्वीनमध्येही चौघांनीही गाजलेली गाणी रचली. आपल्या गॅदरिंगमध्ये मुले बाके बडवून दोनदा ठोका आणि एकदा टाळी असा जो ताल धरतात, तो क्वीनच्या ‘वुई विल रॉक यू’ या गाण्याचा. ते गाणे गिटारवादक ब्रायन मे याने रचलेले आहे. बाके बडवताना कोणी शब्द म्हणत नाही, फ्रेडीचा आवाज तर कुठेच नसतो, तरी गाणे कोणते हे साऱ्या हॉलला कळते. पारीवरच्या म्हातारीला कळले तसेच.

मित्राने आणखी दोन बँडची नावे सांगितली, आणि दोन्हींवर एकाच वर्षी, १९८० साली, संकट आले. ‘एसी/डीसी’ या बँडचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारीत वारला. मागे राहिलेल्यांनी ब्रायन जॉन्सन नावाचा नवा गायक घेतला आणि त्याच वर्षी ‘बॅक इन ब्लॅक’ हा ध्वनिसंग्रह काढला. जगात सर्वाधिक खपलेल्या संग्रहांमध्ये त्याची गणना होते. अँगस आणि माल्कम यंग या भावांच्या गिटारी होत्या तशाच होत्या, म्हणून बँडही तोच राहिला. दुसरा बँड ‘लेड झेपलिन’. त्यांचा ड्रमवाला जॉन बोनहॅम सप्टेंबरमध्ये गेला. गायक रॉबर्ट प्लांट होता, गिटारवादक जिमी पेज होता, बाकी सारे होते. तरीही त्यांनी डिसेंबरात जाहीर करून बँड थांबवला. एकाचा गायक गेला आणि बँड चालला. दुसऱ्याचा ढोलकीवाला गेला आणि बँड थांबला. आमच्या मंडईच्या दोन रात्री आणि त्यांचे हे एक वर्ष, यांत मला फारसा फरक दिसत नाही.

मात्र एवढ्यावरून मी शाहिराला कमी लेखते असे कोणी समजू नये. तसे करणे हा कृतघ्नपणा होईल. आमच्या संचातली बहुतेक गाणी शाहिरांनी स्वतः रचलेली होती. ते चौथीपर्यंत शिकलेले, पण पुराणातले सवाल-जबाब, दारूबंदी, हुंडा, धानाचा भाव, सारे त्यांच्या कवनात होते. दुय्यमात हार झाली तर टोमणे त्यांना बसत, झिलकऱ्याला कोणी काही म्हणत नसे. एका वर्षी पावसाने मांडव मोडला आणि सुपारीचे निम्मेच पैसे मिळाले, तेव्हा त्यांनी आपले दोन वाटे सोडून इतरांचे पुरे केले, हे मी स्वतः पाहिलेले आहे. पुढे वयामुळे त्यांनी उभे राहणे सोडले. बाबा आणि इतरांनी एक हंगाम दुसऱ्या गायकावर काढून पाहिला. झील तीच, ढोलकी तीच. पण म्हणायला नवे काही नव्हते. दुसऱ्या वर्षी संच मोडला.

म्हणून माझे मत असे आहे की, कँटीनमधले दोघेही अर्धे बरोबर होते, कारण ते दोन वेगळ्या गोष्टींना एकाच नावाने हाक मारत होते. आवाज हा संचाचा असतो. तो गायकाच्या येण्याजाण्याने लगेच बदलत नाही. त्या आवाजातून काय बोलायचे, हे मात्र बहुधा एक जण ठरवतो, आणि तो पुढे उभा असतो. त्याला आपण मान देतो ते योग्यच आहे. चूक होते ती पुढे. जो बोलला त्याचाच आवाज होता, असे आपण धरून चालतो, आणि मग तसेच कागदावर लिहितो.

कागदावर लिहिल्याने काय होते, हे मला गेल्या वर्षी कळले. ज्येष्ठ कलावंतांना शासनाकडून मानधन मिळते. बाबांनी अर्ज करायचे ठरवले. आमच्या घरात फॉर्म भरता येणारी मी पहिलीच, म्हणून मीच तो भरला. कलेच्या सेवेचे पुरावे जोडायचे होते. आईने पत्र्याच्या पेटीतून बावीस वर्षांची हस्तपत्रके काढली. तिने ती धानाच्या पावत्यांबरोबर जपून ठेवली होती. लाल, पिवळी, गुलाबी. मी ती वर्षवार लावली आणि बाबांबरोबर कार्यालयात गेले. तिथल्या गृहस्थांनी बाबांना बसायला खुर्ची दिली, कागद एकेक करून पाहिले आणि विचारले, “यात तुमचं नाव कुठं आहे?”

प्रत्येक हस्तपत्रकावर शाहिरांचे नाव मोठ्या टाइपात होते. त्याच्या खाली छापले होते: ‘आणि संच’.

बाबा म्हणाले, “मी संचात आहो ना जी.”

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. ते नियमाने वागले. कागदावर नाव नाही तर ते तरी काय करणार? घरी परतताना बाबा काही बोलले नाहीत. मीच दुसऱ्या दिवशी शाहिरांच्या घरी गेले आणि सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आपली कवनांची जुनी वही मागवली, शेवटचे कोरे पान काढले आणि संचातल्या सर्वांची नावे, कोण कोणत्या वर्षी आले, कोण काय वाजवत होते, हे थरथरत्या हाताने लिहून खाली सही केली. लिहिता लिहिता एका ठिकाणी ते अडले. टाळ वाजवणाऱ्याचे खरे नाव त्यांना आठवेना. इतकी वर्षे सारे त्याला ‘टाळवाला’ म्हणूनच हाक मारत होते, आणि तो आता हयात नाही. शेवटी त्याच्या मुलाला बोलावून नाव विचारून घेतले. ते पान अर्जाला जोडले आहे. अर्जाचे काय होते ते अजून कळायचे आहे.

कोणी म्हणेल, हस्तपत्रकावर जागा किती असते? सात जणांची नावे घालायची म्हटले तर छपाई परवडणार कशी? मला वाटते, बारीक टाइपातल्या दोन ओळी म्हणजे काही मोठा खर्च नव्हे. नाव ठेवण्याच्या पद्धतीही निरनिराळ्या असू शकतात. महाराष्ट्राच्या शाहिरीत ‘शाहीर साबळे आणि पार्टी’ हे नाव घरोघरी गेले. परंतु १९४४ मध्ये मुंबईत अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी जे पथक काढले, त्याचे नाव होते ‘लाल बावटा कलापथक’. तिघेही एकेकटे संच चालवू शकले असते अशा ताकदीचे, तरी नाव पथकाचे ठेवले. आमची कॅसेट कधी निघाली नाही, रेडिओवर कधी गाणे झाले नाही. आमच्याजवळ हस्तपत्रके तेवढी होती. झाडीपट्टीच्या लोककलांवर डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी कष्टाने लेखन करून ठेवले म्हणून आपल्याला दंडार आज पुस्तकात तरी भेटते. परंतु अभ्यासक आला आणि त्याच्या हाती ‘आणि संच’ एवढाच कागद पडला, तर तो तरी काय लिहील?

आता थोडे आपल्या घरात पाहू. गेल्या वर्षीच्या आपल्या वार्षिक अंकात स्नेहसंमेलनाच्या समूहगीताचे छायाचित्र आहे. आम्ही अकरा जणी होतो. मी दुसऱ्या रांगेत, माईकच्या दांड्याआड अर्धी दिसते. हार्मोनियमवर एक, तबल्यावर एक विद्यार्थी. खाली गायिकेचे नाव आहे, आणि पुढे ‘व साथी’. मला स्वतःला त्याचे काही वाईट वाटले नव्हते. उलट फोटोत आल्याचा आनंदच झाला, आणि तो अंक मी घरी नेऊन दाखवला. बाबांना वाचायला वेळ लागतो. त्यांनी फोटोखालच्या ओळीवरून बोट फिरवले आणि विचारले, “तुझं नाव कुठं आहे?” मी सांगितले, “साथीत आहे, बाबा.” ते हसले आणि अंक आईजवळ दिला. आईने तो त्याच पेटीत ठेवला आहे.

मित्रहो, कँटीनमधला वाद तुम्ही खुशाल चालू ठेवा. त्यात मजा आहे, आणि आता मीही त्यात भाग घेईन. परंतु या अंकाच्या संपादक मंडळाला माझी नम्र विनंती आहे. यंदाच्या संमेलनात जे गीत झाले, त्यात नऊ मुली, तीन मुले, एक हार्मोनियम, एक ढोलकी आणि एक खंजिरी होती. पंधरा जणांची नावे मी रांगेच्या क्रमाने, अचूक स्पेलिंगसह, लिहून या लेखाबरोबर दिली आहेत. छायाचित्राखाली जागा कमी पडत असेल तर या लेखातल्या चार ओळी कापाव्यात. माझी हरकत नाही.

(बी. ए. भाग दोन)